पन्न्या धुणारी शकुबाई

वडशाच्या रेल्वे फाटकापलीकडे, राइस मिलांच्या मागे आमचा मोहल्ला. त्याच्या टोकाला विहार, विहाराखाली नाला आणि नाल्याकाठी शकुबाईचं घर. ऐंशीच्या दशकात वडशाच्या बाजारात कुणालाही ती कोण म्हणून विचारलं असतं, तर ‘पन्नीवाली’ असंच उत्तर आलं असतं. पण ती जन्मभर पन्न्या, म्हणजे प्लॅस्टिकच्या पिशव्या, वेचत नव्हती. त्याआधी ती पत्रावळी लावायची.

तिचा नवरा मिलमध्ये हमाल होता. कोंड्याची धूळ छातीत जाऊन जाऊन, खोकत खोकत तो गेला, तेव्हा मुलगा पत्रू अजून रांगत होता. शकुबाई बायांबरोबर जंगलात जायची, पळसाच्या पानांचं गाठोडं डोक्यावर घेऊन यायची आणि दुपारभर दारात बसून बांबूच्या काड्यांनी पानाला पान जोडायची. स्टेशनजवळच्या हॉटेलांत, लग्नांत, दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम लागला की मंडपाबाहेरच्या भज्यांच्या दुकानांत तिचे द्रोण चालायचे. तिच्या द्रोणातून रस्सा गळत नसे, म्हणून तर्रीवाले तिचीच वाट बघत.

मग पन्नी आली. आधी मिठाईवाला जिलेबी पन्नीत देऊ लागला, मग चिवडा, मग गरम रस्सासुद्धा पन्नीत ओतून वर गाठ मारून मिळू लागला. एक दिवस शकुबाई द्रोणांची चळत घेऊन गेली, तर हॉटेलवाल्यानं हात जोडले.

“शकुबाई, आता नको आनत जाऊ. गिऱ्हाईक म्हनते पन्नीत बांधून दे. पानं इथीच वाळून राह्यली.”

ती चळत तशीच घेऊन परत आली. त्या हिवाळ्यात, तोवर हाताशी आलेला पत्रू पहिल्यांदा मिलमध्ये हमालीला गेला. बापाला ज्या धुळीनं नेलं तिथंच पोराला पाठवावं लागलं, हे तिला फार लागलं होतं.

भंगारवाला श्रीहरीभाऊ तेव्हा लोखंड, बाटल्या, फुटकी भांडी घ्यायचा. त्यानंच तिला सांगितलं, की नागपूरला कारखाना निघाला आहे, तिथं पन्नी वितळवून तिचा दाणा पाडतात आणि त्या दाण्यातून बादल्या, चपला निघतात.

“धुऊन, वाळवून, निवडून आन. मी घेतो,” तो म्हणाला.

शकुबाईला ती थट्टाच वाटली. लोकांनी खाऊन फेकलेलं कोणी विकत घेतं का? पण हॉटेलांच्या मागे पन्न्यांचे ढीग साचले होते आणि घरात तांदूळ नव्हता. ती गेली, बसली, वेचू लागली. तेलकट पन्नी राखेनं घासायची, नाल्यात खंगाळायची, बाभळीच्या कुंपणावर वाळत घालायची. वारा आला की सगळं कुंपण फडफडायचं. मोहल्ल्यातल्या बाया नाक धरून जायच्या. श्रीहरीभाऊनं पहिलं पोतं उचललं आणि रोख रक्कम हातावर ठेवली, तेव्हा त्याच बाया विचारायला आल्या.

कांता पत्रूची बायको होऊन आली ती याच दिवसांत. आरमोरीकडच्या, वैनगंगेच्या काठावरच्या एका गावातल्या दसरूची ती मोठी मुलगी. सातवीपर्यंत शिकलेली, सावळी, आणि हसायची तर असं, की नाल्यापलीकडून कळावं कांता हसली. सासरी आल्यावर पन्न्यांचा ढीग बघून नाक मुरडेल असं शकुबाईला वाटलं होतं. कांता पदर खोचून ढिगातच बसली. दोन पन्न्या हातात घेऊन कानाशी चोळून बघितल्या.

“आत्या, ही कडकड वाजते, ही नाई वाजत. दोनी एकाच भावात काऊन देता?”

खरंच दोन्ही वेगळ्या होत्या आणि त्यांचा भावही वेगळा होता. श्रीहरीभाऊ मुकाट्यानं एकाच भावात घेत आला होता. त्यानं हसत कबूल केलं आणि पुढं वेगळा भाव दिला.

उकिरड्यातून वेचण्यापेक्षा दुकानदारांकडूनच माल घ्यायचा, हीही कांताचीच कल्पना. तिनं हॉटेलात, किराणा दुकानात, कापडवाल्याकडं, कृषी केंद्रात एकेक रिकामं पोतं नेऊन ठेवलं आणि सांगितलं, “फेकायची ते याच्यात फेका. आमी येऊन नेतो.” लोक आधी हसले. मग दुकानामागची घाण कमी झालेली दिसली, तसे स्वतःच निरोप पाठवू लागले, की पोतं भरलं, घेऊन जा. काम इतकं वाढलं, की शेजारची मीराबाई आणि आणखी दोघी-तिघी आल्या. श्रीहरीभाऊनं नाल्याकाठी सिमेंटचा एक हौद बांधून दिला. कांताला मुलगी झाली, चिमी. तिला हौदाशेजारी बाभळीला झोळी बांधून निजवत आणि बाया गाणी म्हणत पन्न्या धूत.

शकुबाई एकदा आमच्या घरी विहाराची वर्गणी द्यायला आली होती. माझी आई म्हणाली, “सून चांगली भेटली वो तुमाले.” शकुबाई म्हणाली, “सून कायची, माह्या पाठीवर हात ठेवनारं कोनी नव्हतं, ते आलं.” एवढं बोलताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती घाईनं उठून गेली.

मग तो पावसाळा आला. वैनगंगा अशी फुगली, की काठावरची गावंच्या गावं पाण्यात गेली. दसरूचं घर पडलं. माणसं वाचली, पण धान, भांडी, बैल सगळं गेलं, असा निरोप कांताला आला. इकडं वडशातही सखल भागातल्या गोदामांत पाणी शिरलं होतं. एका व्यापाऱ्याच्या गोदामात खतं आणि धानावरच्या किडीची औषधं होती. पाणी ओसरल्यावर त्यानं भिजलेला माल काढला, फुटलेल्या पिशव्या रिकाम्या केल्या आणि सगळं प्लॅस्टिक श्रीहरीभाऊला विकलं.

श्रीहरीभाऊनं बंडीभर गठ्ठे आणून हौदाशी उतरवले. चांगलं जाड, मजबूत प्लॅस्टिक. असा माल बायांनी आजवर पाहिला नव्हता. पण त्याला वास होता. लसणासारखा, डोक्यात जाणारा. काही पिशव्यांच्या कोपऱ्यांत करडे बारीक दाणे चिकटलेले होते. एका पिशवीवर कवटीचं चित्र अर्धं दिसत होतं.

कांतानं ती पिशवी उचलून दाखवली. “श्रीहरीभाऊ, हे तर औषधाचं हाये.”

“होतं. औषध पुरानं वाहून गेलं, आता नुसती पन्नी हाये. घासून धुतलं का झालं. पन लवकर करा बाप्पा, ट्रक थांबून हाये.”

कांतानं शकुबाईकडं पाहिलं. शकुबाईनं माल पाहिला. जाड माल, भाव चांगला, आणि हातातलं काम नाकारलं तर श्रीहरीभाऊ दुसऱ्या मोहल्ल्यात देईल. ती म्हणाली, “धुवा.”

हा एक शब्द तिनं नंतर किती वेळा उच्चारून बघितला असेल, ते तीच जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पत्रू आणि कांताचं भांडण झालं. कांताला माहेरी जायचं होतं. आईबाप उघड्यावर आहेत, मला आत्ताच्या गाडीनं जाऊ द्या, म्हणत होती. पत्रू म्हणत होता, दोन दिवस थांब, मलाही सुट्टी मिळेल, दोघं जाऊ, थोडे तांदूळ नेऊ.

“माह्यी माय पावसात बसून हाये आन तुमाले सुट्टीची पडली!”

“तर जा! जा एकटी, आन तिथंच राहा!” पत्रू ओरडला आणि समोरची जेवणाची पितळी त्यानं लाथेनं उडवली. ती अंगणात वाजत गेली. आमच्या घरापर्यंत ऐकू आलं. सगळ्या ओळीला ऐकू आलं.

तो तणतणत मिलला गेला. कांता चुलीजवळ बसून रडली. शकुबाईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. “त्याच्या तोंडाले लागू नको. हा माल धुऊन देऊ, पर्वा मीच तुले गाडीत बसवून देतो. चिमीलेबी ने.”

कांतानं डोळे पुसले आणि कामाला लागली. नाल्याचं पाणी गढूळ होतं, म्हणून धुणं हौदातच करायचं ठरलं. जाड पिशव्या हातानं घासल्या जात नव्हत्या, पायानं तुडवाव्या लागणार होत्या. शकुबाई लुगडं वर खोचून हौदात उतरू लागली, तर कांतानं तिला अडवलं.

“तुमच्या टाचा किती भेगाळल्या हायेत आत्या, झोंबन. तुमी वाळवायचं पाहा. मी तुडवीन.”

ती गुडघाभर पाण्यात उभी राहिली. मीराबाई काठावर बसून पिशव्या उलटून त्यातले दाणे हातानं काढत होती. शकुबाई दूर कुंपणावर माल पसरत होती. पावसाची उघडीप होती, ऊन पडलं होतं.

दुपारी मीराबाईला मळमळलं. नाल्याकडं जाऊन ओकली आणि “मले गरगरून राह्यलं” म्हणून घरी जाऊन पडली. कांता तुडवतच होती. थोड्या वेळानं शकुबाईनं मागं पाहिलं, तर ती हौदाच्या काठाला धरून उभी होती.

“आत्या, सारं धुरकट दिसून राह्यलं.”

“उन्हाचं होत असंल. बाहेर ये गे पोरी, सावलीत बस.”

कांता बाहेर आली. घामानं तिचं पोलकं पाठीला चिकटलं होतं. तोंडातून लाळ गळत होती आणि ती पुसायचंही तिला सुचत नव्हतं. शकुबाईनं कांदा फोडून नाकाशी धरला, लिंबाचं पाणी तोंडाला लावलं. ते सगळं उलटून पडलं. मग कांताच्या दंडांवरची, पोटऱ्यांवरची कातडी आपोआप उडू लागली, जशी अंगावर माशी बसल्यावर बैलाची उडते. तिनं काही बोलायचा प्रयत्न केला. शकुबाईला फक्त ‘चिमी’ एवढंच कळलं.

मिलच्या हातगाडीवर घालून तिला सरकारी दवाखान्यात नेलं. पत्रू वाटेतच धावत येऊन मिळाला. डॉक्टर तरुण होते, चंद्रपूरकडचे. त्यांनी कांताच्या पापण्या उचलल्या. डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या.

“किडीचं औषध आहे हे. किती प्यायली?”

“पेली नाई साहेब, काईच नाई पेली,” शकुबाई म्हणाली.

डॉक्टर इंजेक्शनामागून इंजेक्शन देत राहिले. पोटात नळी घातली. संध्याकाळपर्यंत ते तिच्या खाटेपासून हलले नाहीत. दिवे लागायच्या वेळी कांताचा श्वास थांबला.

असा मृत्यू झाला की पोलिसांना कळवावं लागतं. जमादार आला. त्यानं पत्रूला बाजूला घेऊन विचारलं, घरात काही भांडण वगैरे? पत्रूला खोटं बोलता येत नव्हतं, आणि त्या घडीला तर मुळीच नाही.

“सकाळी झालं होतं,” तो म्हणाला. “मी तिले जा म्हनलं. पितळी लाथाडली मी.” आणि भिंतीवर डोकं आपटू लागला.

जमादारानं ते लिहून घेतलं.

शकुबाई व्हरांड्यात बसली होती. डोळे पुसायला हात वर नेला आणि तिला हातांना तो वास आला. लसणासारखा. ती ताडकन उठली आणि डॉक्टरांपुढं जाऊन दोन्ही हात त्यांच्या नाकाशी धरले.

“साहेब, हे पाहा. आमी औषधाच्या पन्न्या धुऊन राह्यलो होतो. ती पान्यात उभी होती, सकाळपासून उभी होती.”

डॉक्टर थबकले. “कातडीवाटेही जातं ते, बाई. पायाला जखम, खरचटलेलं असेल तर अजून लवकर. पण तुमच्या सांगण्यावर मी लिहिलं, तर कोर्टात टिकणार नाही. त्यातली एखादी पिशवी आणा. हौदातलं पाणी बाटलीत भरून आणा. पोलिसांच्या समोर भरा. आत्ता जा.”

ती आणि मोहल्ल्यातले आम्ही काही जण धावतच नाल्यावर आलो. मी तेव्हा वीस-एकवीस वर्षांचा होतो. हौद रिकामा होता. नुसता रिकामा नव्हता, घासून धुतलेला होता आणि आत चुना मारलेला होता. कुंपणावर एक पन्नी नव्हती. नाल्याला अजून पुराचं पाणी होतं, जे काही त्यात सोडलं ते केव्हाच वैनगंगेच्या वाटेला लागलं होतं.

शकुबाई श्रीहरीभाऊच्या दारात गेली. तो बाहेर आला, पण पायरीवरून खाली उतरला नाही.

“माल कुठी हाये भाऊ?”

“ट्रक गेला. थांबत नव्हता तो.”

“एक पन्नी दे. एकच दे. माह्या पोराले लेकरासगट बुडवून राह्यले ते लोक.”

श्रीहरीभाऊ खाली बघत होता. घाबरलाही असावा. “शकुबाई, पोरीचं लय वाईट झालं. पन पन्नी धुवून मानूस मरते का? मंग तू काऊन नाई मेली? मीराबाई काऊन नाई मेली?”

खरंच, आपण का नाही मेलो, हे तिला त्या क्षणापासून कधीच कळलं नाही.

कांताच्या मातीला दसरू आला. पडक्या घराच्या चिखलातून उठून आलेला, अंगावरचं एकच धोतर. त्रिसरण, पंचशील म्हणून झालं, तसा तो पत्रूवर धावून गेला. “पुरात आमचं घर पडलं तरी येऊ नाई देल्लं तिले! माह्या पोरीले विष घ्यावं लागलं तुमच्या घरी!” त्याला कुणी सांगितलं होतं भांडणाचं, काही कळलं नाही. आख्ख्या ओळीला माहीत होतं. दसरूनं तक्रार दिली. त्याच्या जागी दुसरा कोणताही बाप असता, त्यानंही दिलीच असती. दुसऱ्या दिवशी पत्रूला अटक झाली आणि आजोळची माणसं चिमीला घेऊन गेली. त्या वेळी चिमी झोपलेली होती.

आता एकच आधार होता, मीराबाई. तिनंही त्याच पिशव्या हाताळल्या होत्या, तीही ओकली होती. शकुबाई तिच्याकडं गेली. मीराबाई अजून अंथरुणातच होती, तोंड उतरलेलं.

“मीरा, तू फक्त खरं सांग जमादाराले. पन्न्या औषधाच्या होत्या अन् तुलेबी झालं. एवढंच.”

मीराबाई भिंतीकडं तोंड करून बोलली. “श्रीहरीभाऊ येऊन गेले बाई. हे बाहेर आलं तर हौद तोडतीन म्हने, कामच बंद. माह्यी तीन लेकरं हायेत. त्याइचा बाप दारू पेऊन पडून राह्यते.” मग हुंदका देऊन म्हणाली, “मले माफ करा.”

शकुबाईनं तिला शिवी दिली नाही. उठताना तिच्या पायांवरचं पांघरूण नीट केलं आणि निघाली. जमादारानं विचारलं, तेव्हा मीराबाईनं सांगितलं, की त्या दिवशी ती कामावर गेलीच नव्हती.

माल न्यायला पुन्हा आलेल्या ट्रकच्या ड्रायव्हरकडून कारखान्याचा पत्ता काढून शकुबाई एकटी नागपूरला गेली. आयुष्यात पहिल्यांदा. छोट्या गाडीनं, मग मोठ्या गाडीनं, मग विचारत विचारत पायी. एका पत्र्याच्या शेडमध्ये तो कारखाना होता. दारापासून छतापर्यंत पन्न्यांचे डोंगर होते. तिथंही बाया जमिनीवर बसून निवडत होत्या, तशाच उघड्या हातांनी. शकुबाई एका ढिगापाशी गेली आणि वास घेत घेत पिशव्या उपसू लागली. मुकादम धावत आला.

“ए बाई, काय हुडकून राह्यली?”

“वडशाचा माल आला होता. जाड माल.”

“तो तर कालच मशिनीत गेला.”

त्यानं काही वाईट मनानं नव्हे, उलट दया येऊनच तिला मशीन दाखवलं. एका तोंडातून पन्नी आत जात होती, दुसऱ्या तोंडातून काळसर, चिकट दोरे बाहेर येत होते, पाण्यात थंड होत होते, आणि पुढं पात्याखाली त्यांचे बारीक दाणे पडत होते. धुरानं डोळे झोंबत होते. टोपल्यांत दाणे भरून ठेवलेले. शकुबाईनं एका टोपलीत हात घातला. दाणे अजून कोमट होते. सगळे सारखे. त्यांना आता जळक्या प्लॅस्टिकचा सोडून कसलाच वास नव्हता.

“याच्यात आमचा कोनता?” तिनं विचारलं.

मुकादमाला प्रश्नच कळला नाही.

पत्रू हिवाळ्यात जामिनावर सुटला. विहाराच्या लोकांनी जामीनदार उभा केला. घरी आला तो हाडांचा सापळा. शकुबाईनं त्याला जेवू घातलं आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं, हौद, वास, डॉक्टर, नागपूर. तो घास हातात धरून ऐकत होता.

“माय,” तो म्हणाला, “तू माह्यासाठी बोलून राह्यली हे.”

“नाई रे बाप्पा. माह्या डोळ्यानं पाह्यलं म्या. तिनं विष नाई घेतलं.”

“मी तिले जा म्हनलं होतं.”

“तू म्हनलं, पन ती त्याच्यानं नाई गेली. ती मी धुवा म्हनलं म्हनून गेली. माह्या शब्दानं गेली ती. आयकून घे!”

तिनं हे ओरडून सांगितलं. आपल्या अंगावर घेतलं, तरी पत्रूला पटलं नाही. त्याला वाटलं, आई आपलं ओझं कमी करायला स्वतःवर आळ घेते आहे. त्यानं घास ताटात ठेवला आणि हात धुतला. पोलिसांना, दसरूला, मोहल्ल्याला पटवून देता आलं नाही, ते शकुबाईनं सोसलं होतं. पण स्वतःच्या मुलाला खरं पटेना, इथं ती मोडली. आमच्या आईला एवढंच म्हणाली, “तो मले आई समजून राह्यला, साक्षीदार नाई.”

नागपूरच्या प्रयोगशाळेतून अहवाल आला. शरीरात विष सापडलं होतं, किडीच्या औषधाचं. ते तोंडावाटे गेलं की कातडीवाटे, त्याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. त्या तरुण डॉक्टरांची बदली झाली होती. कोर्टात ते आले, आणि त्यांनी मनापासून सांगितलं, की कातडीवाटेही असं होऊ शकतं. समोरच्या वकिलानं विचारलं, तुम्ही हौद पाहिला का? पिशवी पाहिली का? डॉक्टर नाही म्हणाले. नाहीच म्हणावं लागलं.

मधल्या वर्षांत शकुबाई अनेकदा आरमोरीकडं गेली, चिमीला बघायला. पहिल्या वेळी कांताच्या आईनं, गिरजाबाईनं, दारातच सांगितलं, “तुमचं तोंड नाई पाहायचं आमाले.” तरी ती जात राहिली. गावाबाहेरच्या बोडीच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या, बांधावर बसून राहायची, पोरं खेळायला येतील म्हणून. एकदा चिमी आली. पाचेक वर्षांची झाली होती, हसणं थेट आईचं. शकुबाईनं तिला जवळ बोलावलं, तर ती लांबूनच म्हणाली, “तुमी कोन?”

“मी तुही आजी.”

“माह्यी आजी घरी हाये.” मग जरा थांबून, पाठ केल्यासारखं म्हणाली, “माह्यी माय विष पेऊन मेली.”

“नाई पेली गे माय. नाई पेलं तुह्या मायनं. काम करता करता मेली ती.”

चिमीनं ऐकलं की नाही, कोण जाणे. कुणीतरी हाक मारली आणि ती पळत गेली. त्यानंतर गिरजाबाईनं तिला बोडीकडं पाठवणं बंद केलं.

पन्न्यांचं काम शकुबाईनं सोडलं होतं. मिलच्या अंगणात सांडलेलं धान झाडून, पाखडून ती पोट भरायची. हौदावर मात्र काम चालूच होतं. आता दुप्पट बाया होत्या. शकुबाई येता-जाता तिथं थांबायची आणि सांगायची, वास येते ते धुऊ नका, दाने दिसले तर हात नका लावू. नव्या बाया एकमेकींकडं बघून हसायच्या. जुन्या मान खाली घालायच्या. एकदा श्रीहरीभाऊच्या माणसानं तिला हाताला धरून रस्त्यावर आणून सोडलं. त्या दिवसापासून ती नाल्याकडून जाईनाशी झाली.

एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात जिल्ह्याच्या कोर्टात निकाल लागला, तेव्हा मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. पत्रू सुटला. पुरावा पुरेसा नाही, असं न्यायाधीशांनी म्हटलं. वकील खूश होते. त्यांनी व्हरांड्यात पत्रूच्या पाठीवर थाप मारली.

शकुबाई पुढं झाली. “वकीलसाहेब, कांता कशानं मेली ते लिवलं का जी निकालात?”

“ते लिहायची गरज नव्हती, बाई. मुलगा सुटला ना तुमचा?”

“मंग तिनं विष नाई घेतलं, हे कुठीच नाई लिवलं?”

वकिलांनी घड्याळाकडं पाहिलं आणि दुसऱ्या पक्षकाराला हाक मारली. दसरू समोरूनच गेला. क्षणभर थांबला, असं मला वाटलं. शकुबाईनं हात जोडले. तो मान वळवून फाटकाबाहेर पडला.

बसस्टँडवर आम्ही तिघं होतो, ती दोघं आणि मी. वडशाची बस लागायला वेळ होता. पत्रूनं पिशवी खांद्याला लावली आणि म्हणाला, सिरोंच्याकडं कुणा ठेकेदाराचं काम आहे, तिकडं जातो. वडशात मला माणसं तोंडावर काही बोलत नाहीत, पण मागून बोलतात, ते आता सहन होत नाही.

“कधी येशीन?” शकुबाईनं विचारलं.

“पाहू.”

“चिमीले आनू आपून. आता तू सुटला. मागू तिले.”

“काय सांगू तिले?” पत्रू म्हणाला. “तिच्या मायले मी काय म्हनलो होतो, ते सांगू?”

सिरोंच्याची गाडी लागली. गर्दी होती. तो मागच्या दारानं चढला आणि आत कुठं बसला ते दिसलं नाही. शकुबाई बसच्या कडेकडेनं चालत एकेका खिडकीत बघत होती. शेवटच्या खिडकीपर्यंत ती पोचायच्या आत गाडी हलली.